तारापूरबाहेरचं तारापूर

२७ जुलै २०२५

भाची पोलंडमध्ये व्रोत्सवाफला शिकते. रात्री तिचा फोन आला. तिच्या खोलीतल्या पोलिश मुलीचं आडनाव फार दुर्मीळ आहे म्हणे. किती दुर्मीळ, तर त्या आडनावाची देशात किती माणसं आहेत आणि कुठल्या प्रांतात किती, हे त्या मुलीला तोंडपाठ आहे. "मामा, आपल्याकडे असं कुणाला सांगता येईल का रे?"

तिकडे ते सांगता येतं. सरकारी लोकसंख्या नोंदवहीतून आडनावांचे तक्ते निघतात आणि कुणालाही पाहता येतात. त्याआधी, १९९०च्या दशकात, काझिमिएश रिमुट या भाषापंडितानं आडनावांचा दहा खंडांचा कोश काढला होता. आडनाव, माणसं किती आणि त्यांपैकी कुठल्या प्रांतात किती, एवढंच त्यात. व्युत्पत्ती नाही, गोष्टी नाहीत. असं पुस्तक आपल्याकडे कुणी छापलं असतं तर आपण आधी व्युत्पत्तीवरूनच भांडलो असतो.

तिथलं सगळ्यांत जास्त आढळणारं आडनाव नोवाक. सुमारे दोन लाख माणसं. अर्थ काय, तर गावात नवा आलेला. म्हणजे देशातलं सर्वांत मोठं आडनाव कुठून तरी उठून दुसरीकडे गेलेल्यांचं, आणि ते दिलंय ज्या गावात गेले त्या गावानं. कोवाल म्हणजे लोहार, त्यावरून कोवाल्स्की. आपल्याकडच्या लोहार-सुतारांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

आमचं आडनाव राऊत. चिंचणी बाजारात "ओ राऊत" म्हणून हाक मारली तर कोण कोण वळेल सांगता येत नाही. दुर्मिळाच्या स्पर्धेत आमचा अर्जच बाद. पण खाडीपलीकडे तारापूर आहे, आणि त्या गावाच्या नावाचं आडनाव जगभर आहे. भाचीला म्हटलं, थांब, बघून सांगतो.

३० जुलै

पाऊस. बाहेर पडता येईना, म्हणून मतदारयादी घेऊन बसलो. आडनावं वाचायला याहून चांगलं पुस्तक नाही.

आमच्या पालघरच्या किनाऱ्यावर वाडवळांचे राऊत, सावे, चुरी, वर्तक, म्हात्रे. कोळीवाड्यांत तांडेल, मेहेर, पागधरे. तांडेल म्हणजे होडीवरचा प्रमुख, हे इथं पोरालाही कळतं. पाग म्हणजे फेकून मारायचं जाळं. तेव्हा पागधरे कुठून आलं असेल, तेही उघडच आहे. आत डोंगराकडे गेलं की वांगड, धोदडे, घाटाळ, वनगा. आणि काही घरांचं आडनाव नुसतं 'दुबळा'. ते जमातीला दुसऱ्यांनी चिकटवलेलं नाव. गुजरातेत गांधीजींच्या काळात त्या लोकांना हळपती म्हणायला सुरुवात झाली, पण कागद काही तितक्या लवकर ऐकत नाहीत.

या सगळ्या गर्दीत 'कर' फार थोडे. त्यातही दूरच्या गावांचे. तारापूरकर मला तारापुरात अजून भेटलेला नाही, बोईसरकर तर कुठेच नाही. डहाणूकर म्हटलं की पहिली आठवते ती पुण्यात कोथरूडची डहाणूकर कॉलनी, आणि मग वनस्पतींवर लिहिणाऱ्या डॉक्टर शरदिनी डहाणूकर. डहाणूत ते आडनाव सांगून कुणाची ओळख पटणार? तिथं सगळेच डहाणूचे.

साधी गोष्ट आहे. आपल्या गावात आपण गावाच्या नावानं ओळखले जात नाही. बापाच्या, धंद्याच्या, वाडीच्या, फार तर एखाद्या व्यंगाच्या नावानं ओळखले जातो. गावाचं नाव लागतं ते वेशीबाहेर पडल्यावर. म्हणून गावाच्या आडनावाची माणसं शोधायची असतील तर ते गाव सोडून बाकी सगळीकडे शोधावं लागतं. रिमुटच्या तक्त्यात एखादं आडनाव जिथं जास्त तिथंच त्याचं मूळ असेल, असं समजून चालणारा माणूस आपल्याकडे हमखास फसेल.

५ ऑगस्ट

उघडीप होती. तारापूरला जाऊन आलो. चिंचणी आणि तारापूर ही नावं एका दमात घ्यायची सवय, पत्त्यातही चिंचणी-तारापूर. पण खाडी मध्ये आहे आणि दोन्हीकडची माणसं तो फरक विसरत नाहीत.

किल्ला पोर्तुगीजांचा. जानेवारी १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं घेतला. त्या हल्ल्यात बाजी भिवराव पडले. त्यांचं आडनाव रेठरेकर. कऱ्हाडकडच्या रेठऱ्याचं नाव घेऊन माणूस तारापूरच्या तटाशी येऊन मेला. आज आत वाडी आहे, बाहेरून झाडं आणि काळा दगड दिसतो.

हा किल्ला पुढे विकाजी मेहेरजींच्या वारसांकडे होता, अशी नोंद १८८२च्या ठाणे गॅझेटियरात सापडते. गावातली अग्यारीही विकाजींनीच १८२०च्या सुमारास बांधलेली. मी बाहेरूनच पाहिली. आत आपल्याला जाता येत नाही, आणि दारात उभं राहून डोकावणं बरं दिसत नाही. पारशी वस्तीतली बरीच घरं बंद. लाकडी कठडे, उंच जोती, गंजलेली कुलपं. एका ओट्यावर चिकूच्या करंड्या वाळत पडल्या होत्या.

विकाजी आणि पेस्तनजी, दोघे भाऊ, मेहेरजींचे मुलगे. उत्तर कोकणातल्या जकातीच्या मक्त्यांवर पैसा केला आणि मग हैदराबादला पेढी काढली. १८२५-२६मध्ये वऱ्हाडातून मुंबईला कापसाची पहिली मोठी खेप गेली ती त्यांच्या पेढीची. पाचशे बैलांवर लादून. निजामाचा दिवाण चंदूलाल याच्या काळात सरकारला कर्ज दिलं आणि बदल्यात वऱ्हाडातला महसूल हाती घेतला. औरंगाबादच्या टांकसाळीतून त्यांचा रुपया निघे, लोक त्याला पेस्तनशाही म्हणत. चंदूलाल गेला, तारण सरकारनं काढून घेतलं, पेढी बुडाली. येणं वसूल व्हावं म्हणून घराण्यानं थेट विलायतेतल्या पार्लमेंटचा दरवाजा ठोठावला. सिकंदराबादेत त्यांच्या नावाची अग्यारी १८४७ची. म्हणजे पेढी डबघाईला आली त्याच सुमाराची. तेवढ्यातही धर्मकार्याला हात आखडला नाही.

मला यात रस निराळा. या माणसाचं आडनाव काय? काही नाही. विकाजी, बाप मेहेरजी, संपलं. तारापूरचा सगळ्यांत मोठा माणूस, पण कागदावर 'तारापोरवाला' अशी सही करायची त्याला गरज पडली नाही. मराठी कागदांतही तेव्हा अमुक बिन तमुक एवढ्यावर भागत असे. पारशांची आडनावं पक्की झाली ती एकोणिसाव्या शतकात, मुंबईत, इंग्रजी कचेऱ्या आणि शाळा-कॉलेजांच्या पटांवर. साहेबाला शेवटचा रकाना रिकामा चालत नसे. मग कुणी धंदा लिहिला, काँट्रॅक्टर, दारूवाला. कुणी आजोबांचं नाव लिहिलं. कुणी गाव लिहिलं, भरुचा, बिलिमोरिया, उदवाडिया, संजाणा. तारापूरहून आलेल्यांनी लिहिलं तारापोर किंवा तारापोरवाला.

आणि विकाजींचं काय झालं? हैदराबादेत त्यांचं नावच वंशजांचं आडनाव झालं. तिथले विकाजी आजही पारशांत ओळखीचे. म्हणजे गाव ज्याच्या नावानं ओळखलं जायचं त्याचे वंशज विकाजी झाले, आणि गावाचं नाव इतरांच्या वाट्याला आलं.

१० ऑगस्ट

तारापूर आणि तारापोर. भाचीनं विचारलं, दुसरं आडनाव आहे का? नाही, एकच. एकोणिसाव्या शतकात इंग्रज नागपूरचं नागपोर आणि कानपूरचं कॉनपोर लिहीत. गावांची स्पेलिंगं पुढे सुधारली, माणसांची कोण सुधारणार? ती पासपोर्टवर चढली, बँकेत चढली. त्यामुळे गाव 'पूर' झालं आणि आडनाव 'पोर'च राहिलं. सिंगापूरचंही इंग्रजीत तेच झालं आहे, फक्त तिथं देशच आडमुठा निघाला.

यापेक्षा मोठा घोळ म्हणजे तारापूर एक नाही. गुजरातेत आणंद जिल्ह्यात तारापूर आहे, तालुक्याचं ठिकाण. बिहारमध्ये मुंगेरकडे तारापूर आहे. १५ फेब्रुवारी १९३२ला तिथं तिरंगा लावायला निघालेल्या माणसांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तेव्हा एखादा गुजराती हिंदू तारापूरवाला भेटला की त्याला आपल्या किल्ल्याची गोष्ट ऐकवायची घाई करू नये. त्याचं तारापूर चरोतरच्या तंबाखूच्या मुलखात असू शकतं. पारशी असेल तर मात्र बहुधा आपलाच, कारण पारशांची जुनी वस्ती या पट्ट्यात सलग होती: संजाण, नारगोळ, डहाणू, तारापूर. माहीमकरांचीही हीच गत. मुंबईचं माहीम की केळव्याशेजारचं, हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ नये.

१४ ऑगस्ट

पालघरला गेलो होतो. आज हुतात्मा दिन. १९४२ला याच तारखेला कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण गेले. स्तंभापाशी गर्दी, शाळेची मुलं, पावसाची भुरभुर. नावं वाचली: पागधरे, ठाकूर, चुरी, मोरे, तिवारी.

दरवर्षी वाचतो. यंदा आडनावांच्या नादामुळे निराळं वाचलं गेलं. एक जाळंवाल्यांतलं, एक वाडवळांतलं, एक थेट उत्तरेकडून आलेलं. पाचांत एकही 'कर' नाही. ही माणसं आपल्या गावातून निघून आपल्याच तालुक्याच्या गावी आली होती. गावाचं नाव लावण्याइतकी लांब गेलीच नव्हती.

येताना डहाणू लोकल तुडुंब. उद्याची सुट्टी.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन, आणि आज पारशी नववर्षही. तारापूर अग्यारीकडे मुंबईच्या पाट्यांच्या दोन-तीन गाड्या जाताना दिसल्या. वर्षातून काही दिवस तिथली कुलपं निघतात.

२००१च्या जनगणनेत भारतात पारशी ६९,६०१ होते, २०११मध्ये ५७,२६४. १९४१ला लाखाच्या वर होते. सबंध समाज बोईसर-पालघरच्या लोकसंख्येत हरवून जाईल एवढा. त्यातलं एका गावाचं आडनाव किती माणसांचं असणार? शिवाय नियम असा की बाप पारशी हवा. १९०८च्या पेटिट खटल्यात न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांनी मांडलेला हा विचार आजही चालतो: पारशी पुरुषाची मुलं पारशी, पारशी बाईनं बाहेर लग्न केलं तर तिची मुलं नाहीत. आडनाव तर तसंही बापाकडूनच येतं. दोन्ही दारं एकाच बाजूची.

पण माणसं कमी झाली म्हणूनच आडनावं मरतात असं नाही. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रजाला हाच प्रश्न पडला होता: मोठमोठ्या घराण्यांची नावं का नाहीशी होतात? लोक म्हणत, ऐषारामानं वंश खुंटतो. १८७४ला त्यानं आणि हेन्री वॉटसन या पाद्र्यानं मिळून त्याचं गणित मांडलं. समजा गावात शंभर आडनावं आहेत आणि प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मुलगा. लोकसंख्या तेवढीच राहते. पण सरासरी एक म्हणजे सगळ्यांना एक नव्हे. कुणाला तीन, कुणाला एकही नाही. ज्याला एकही नाही त्याचं आडनाव तिथं संपलं, आणि संपलेलं परत येत नाही. पुढच्या पिढीत उरलेल्यांची पुन्हा तीच सोडत. पिढ्यांमागून पिढ्या हे चालू राहिलं की माणसं तेवढीच राहतात आणि आडनावं घटत जातात. ऐषाराम, पाप, शाप, कशाचीही गरज नाही. चीनमध्ये आडनावं फार जुनी, म्हणून ती मूठभर उरली आणि शंभर आडनावांत बहुतेक देश आटपला. कोरियात पाचांत एक जण किम. आमच्याकडे आडनावांना रकाना मिळून दीडशे-दोनशे वर्षं होताहेत, तेव्हा रेलचेल आहे. आम्ही राऊत लोक बहुधा या सोडतीत जिंकणाऱ्यांपैकी. त्यात आमचं कर्तृत्व शून्य.

२३ ऑगस्ट

बोईसरला बँकेचं काम. रिक्षावाला बिहारचा, रांगेत माझ्या पुढे ओडिशाचा साहू, मागे जळगावकडचा पाटील. इथल्या कारखान्यांच्या हजेरीपटावर निम्मा भारत आहे.

या वसाहतीचं नाव 'तारापूर औद्योगिक क्षेत्र'. जमीन मात्र बोईसर, सालवड, पास्थळ, कुंभवली, कोळवडे अशा गावांची. तारापूर गाव तिथून बरंच लांब, समुद्राकाठी. तीच गोष्ट अणुवीज केंद्राची. २८ ऑक्टोबर १९६९ला भारताची पहिली अणुवीज तिथून व्यापारी तत्त्वावर सुरू झाली आणि शाळेच्या पुस्तकातल्या नकाशावर तारापूरचा ठिपका आला. प्रत्यक्षात पुढच्या दोन मोठ्या अणुभट्ट्यांसाठी जी गावं उठली ती अक्करपट्टी आणि पोफरण. त्यांची नावं नकाशावर आली नाहीत, पण उठलेल्या माणसांनी ती पुनर्वसनाच्या जागेवर सोबत नेली. तारापूरच्या नावाखाली काय काय चालतं, यात तारापूरला कुणी विचारत नाही.

लहानपणी शाळेची सहल मुंबईला जायची, त्यात तारापोरवाला मत्स्यालय ठरलेलं. १९५१ला मरीन ड्राइव्हवर उघडलेलं, दोन लाखांची देणगी देणाऱ्या डी. बी. तारापोरवालांच्या नावाचं. जन्मापासून मासळीच्या वासात वाढलेली आम्ही पोरं तिकीट काढून काचेतले मासे बघायचो. सातपाटीचा एक मुलगा तर प्रत्येक पेटीपुढं उभा राहून याचं कालवण कसं होतं ते सांगायचा. दारावरचं नाव आपल्या शेजारच्या गावाचं आहे, हे एकाही गुरुजींनी सांगितलं नाही. त्यांनाही सुचलं नसेल, कारण ते इंग्रजी 'पोर'मध्ये होतं.

२ सप्टेंबर

आमच्या चिंचणीचीही एक नावाची गोष्ट आहे, तारापूरकरांना नसलेली. १९५५च्या सुमारास इथं ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचले. त्यांतला एक शके ८४८चा, म्हणजे इसवी सन ९२६चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यात संयान, म्हणजे संजाण प्रांताच्या अधिकाऱ्याचं नाव दिलंय मधुमती. जात ताजिक, म्हणजे अरब. बापाचं नाव सहियारहार. मधुमती हे मुहम्मदचं संस्कृत रूप, असं सरकारांनी लावलं आहे. त्याला दुसरं नावही होतं, सुगतिप.

अकराशे वर्षांपूर्वी समुद्रावरून आलेला माणूस, आणि इथल्या लेखकानं त्याचं नाव आपल्या जिभेला सोसेल असं करून तांब्यावर कोरलं. मुंबईच्या कारकुनानं शेवटचा रकाना भरून घेतला त्यापेक्षा मला हे दिलदार वाटतं. भाचीला सांगितलं. ती म्हणाली, तिकडे तिच्या नावाचं दर आठवड्याला नवं काहीतरी होतं.

१६ सप्टेंबर

आज लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर यांचा स्मृतिदिन. साठ वर्षं झाली. १९२३चा जन्म, आधी हैदराबाद संस्थानच्या फौजेत, १९५१पासून पूना हॉर्समध्ये. सप्टेंबर १९६५ला सियालकोट आघाडीवर फिलोरा, वझीरवाली, मग बुतुर-डोग्रांडी. ११ तारखेला जखमी झाले, मागे जायला नकार दिला, १६ला रणगाड्याला गोळा लागून गेले. त्यांच्या रेजिमेंटनं शत्रूचे साठेक रणगाडे निकामी केले आणि स्वतःचे नऊ गमावले. परमवीरचक्र मरणोत्तर. २०२३च्या २३ जानेवारीला अंदमानातल्या एकवीस बेटांना परमवीरांची नावं दिली, त्यांत एक तारापोर द्वीप. आमच्या खाडीकाठचं नाव असं फिरत फिरत बंगालच्या उपसागरात एका बेटावर जाऊन बसलं.

त्यांच्या चरित्रात एक कथा नेहमी येते. पूर्वज रतनजीबा शिवाजी महाराजांच्या सैन्यात होते, पराक्रमाबद्दल शंभर गावं मिळाली, त्यांतलं मुख्य तारापोर, म्हणून हे आडनाव. कर्नलसाहेबांच्या शौर्याला या कथेची काही गरज नाही, म्हणूनच ती तपासायला हरकत नसावी. महाराजांच्या हयातीत तारापूर पोर्तुगीजांकडे होतं आणि १७३९पर्यंत राहिलं. संभाजीराजांच्या फौजेनं १६८३ला या किनाऱ्यावर धाड घातली, तारापूर जाळलं. राज्य बसवलं नाही. जे गाव हातातच नव्हतं ते इनाम कसं देणार? सेवा खरी असेल, गावं दुसरीकडची असतील, किंवा दोन पिढ्यांच्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या असतील. मला गावाचा भाग पटत नाही.

पण ही कथा का तयार होते ते पटतं. गावाचं नाव आडनावाला दोन वाटांनी लागतं. एक, गाव ताब्यात असतं म्हणून. फलटणचे निंबाळकर निंबळकचे, तसे. पोलंडमध्येही आधी तेच: तार्नुफ गावाचे धनी ते तार्नोव्स्की; सोळाव्या शतकातला तिथला सेनापती यान तार्नोव्स्की त्यांतलाच. दुसरी वाट, गाव सोडलं म्हणून. पुढे पोलंडच्या शेतकऱ्यांनी आणि गावकुसाबाहेरच्यांनीही 'स्की' लावून घेतलं. ऑस्ट्रियाच्या सम्राटानं १७८७ला गॅलिशियातल्या ज्यूंना आडनाव घेणं सक्तीचं केलं. प्रशिया आणि रशियाच्या वाट्याच्या पोलंडमध्येही तसे हुकूम आले. असं कारकुनापुढं उभं राहून आडनाव घ्यावं लागलं की बरेच जण आलेल्या गावाचं नाव सांगत. वार्शाव्स्की आडनावाचा माणूस वॉर्साचा मालक नव्हता, वॉर्साहून आलेला होता.

दोन-तीन पिढ्या गेल्या की दुसऱ्या वाटेनं आलेलं प्रत्येक घराणं आपण पहिल्या वाटेनं आलो असं सांगू लागतं. पारशी सांगतात, मराठे सांगतात, पोलही सांगतात. गाव सोडलं म्हणण्यापेक्षा गाव मिळालं म्हणणं कुणाला आवडणार नाही? आमच्या राऊतांतही राजाच्या पदरी असल्याची कथा आहे. ती मी कधी तपासली नाही, तपासणारही नाही.

भाचीसाठी आणखी तारापोर लिहून ठेवले. इराच जहांगीर सोराबजी तारापोरवाला, अवेस्ताचे पंडित, कलकत्त्याला तुलनात्मक भाषाशास्त्राचे प्राध्यापक, पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेज संशोधन संस्थेचे पहिले संचालक. केकी तारापोर, १९४८ला दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध एकच कसोटी. एस. एस. तारापोर, रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर; रुपयाच्या परिवर्तनीयतेवरच्या दोन समित्या, १९९७ आणि २००६, त्यांच्याच नावानं ओळखल्या जातात. सूनी तारापोरवाला, १९८८च्या 'सलाम बॉम्बे'ची पटकथा त्यांची. कलकत्ता, पुणे, दिल्ली, मुंबई. पत्त्यांत तारापूर नाही.

२१ सप्टेंबर

भाचीचा शेवटचा प्रश्न टाळत होतो: आकडा सांग ना मामा.

आधी तिला बेने इस्रायलींचं सांगितलं. रायगड किनाऱ्यावरचे ज्यू, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद म्हणून शनवार तेली. त्यांनी किहीमकर, रोहेकर, पेणकर, चेऊलकर, दिवेकर अशी गावांची आडनावं घेतली. त्यांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर किहीमचे. कवी निसीम इझिकेल मूळ तळकर. आता ही माणसं मोठ्या संख्येनं इस्राएलात आहेत. तिथल्या टेलिफोनच्या पुस्तकात रोहे आणि पेण सापडावं, आणि पोलंडहून तिथं गेलेल्यांच्या घरी वॉर्सा. हे तिला फार आवडलं. तिनं मैत्रिणीला कोल्हापूरच्या वळिवड्याचंही सांगितलंय म्हणे. १९४३ ते १९४८ तिथं सुमारे पाच हजार पोलिश बायका-मुलं राहत होती. मैत्रीण आता त्यांच्यात आपलं आडनाव शोधते आहे.

आणि आकडा? जनगणनेत प्रत्येकाचं पूर्ण नाव लिहून घेतात, पण आडनावांची बेरीज कुणी करत नाही. एकदा मात्र न मागता झाली. २०११च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत जात विचारली, तेव्हा लोकांनी जात, पोटजात, कूळ, गोत्र आणि आडनाव यांतलं जे सुचलं ते सांगितलं, आणि प्रगणकांनी ऐकू आलं तसं लिहिलं. देशभरात ४६ लाख वेगवेगळ्या 'जाती' निघाल्या. महाराष्ट्राच्या यादीत ४९४ असताना इथं सव्वाचार लाखांच्या वर. केंद्र सरकारनं २०२१ला सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की ही माहिती वापरण्याजोगी नाही. रिमुटला दहा खंड लागले; आमच्याकडे तेवढ्याच मेहनतीचा कोश चुकून तयार झाला आणि चुकांचा ढीग म्हणून बाजूला पडला. त्यात तारापोर कुठं तरी असतीलच, जात म्हणून.

२०२७च्या जनगणनेत पुन्हा जात विचारणार आहेत. आमच्या गल्लीतली शिक्षिका मागच्या वेळी प्रगणक होती. तिला म्हटलं, यंदा जातीच्या रकान्यात आडनाव सांगणारे किती भेटतात ते वेगळ्या वहीत टिपून ठेव. ती म्हणाली, "काका, वही तुम्ही आणून द्या."

आणून देणार आहे, दोनशे पानी.